टिटवं कुणी धरायचं?

गेल्या मे महिन्यात आमच्या गल्लीतल्या एक काकू वारल्या. सकाळी सहाला प्राण गेला. दोन्ही लेकी जवळच दिलेल्या, अर्ध्या तासात रडत-पडत दारात आल्या. पण मयत उचलायला संध्याकाळचे पाच वाजले. दिवसभर ऊन असं की पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं. बर्फाच्या लाद्या आणून ठेवल्या. वाट कुणाची, तर काकूंच्या पुतण्याची. तो हैदराबादहून निघाला होता. पंधरा वर्षांत दोन वेळा फिरकलेला माणूस, पण अग्नी त्यानंच द्यायचा. लेकीनं दिला तर काकूंचा आत्मा भटकेल, त्यांना गती मिळणार नाही, असं जमलेल्या बायाच म्हणत होत्या. धाकटी लेक एकदा हळूच म्हणली, मीच धरते मडकं. तिला सगळ्यांनी गप्प केलं. मैत्रिणींनो, खोटं कशाला बोलू, मीही काही बोलले नाही. बचत गटात इतकं बोलणारी मी, तिथं पदर तोंडाला लावून बसले.

त्या रात्री झोप आली नाही. सारखी सावित्रीबाई आठवत होती.

दरवर्षी 3 जानेवारीला शाळेत मुली नऊवारी नेसून सावित्रीबाई होतात. शेणाचे गोळे झेलतात, पाटीवर अक्षर काढतात. ते बरोबरच आहे. पण तिच्या आयुष्यातला मला सगळ्यात अवघड वाटणारा दिवस कुणी दाखवत नाही. तो दिवस 28 नोव्हेंबर 1890. त्या दिवशी ती शिक्षिका नव्हती, नवरा गेलेली साठीला टेकलेली बाई होती.

आधीचं थोडक्यात सांगते, बरंचसं तुम्हाला माहीतच आहे. जन्म 1831 चा, सातारा जिल्ह्यातलं नायगाव, खंडोजी नेवसे पाटलांची लेक. 1840 मध्ये लग्न झालं तेव्हा ती नऊ वर्षांची, जोतीराव तेरा वर्षांचे. लिहायला-वाचायला सासरी शिकली. 1848 मध्ये पुण्यात भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली आणि ती शिकवायला लागली. बाईनं शिकणं आणि शिकवणं म्हणजे पाप, घराला बट्टा, असं मानणारा तो काळ. सासरे गोविंदराव तसे वाईट नव्हते, पण समाजाच्या आणि धर्माच्या धाकापुढं त्यांचं काही चाललं नाही. 1849 मध्ये नवरा-बायकोला घर सोडावं लागलं.

इथं थोडं थांबते, कारण मला या धाकाबद्दलच लिहायचं आहे. मेल्यावर पुढं काय, हा प्रश्न तसा मेलेल्याचा. पण त्याची किंमत जिवंत माणसं भरतात, आणि त्यातही बाया जास्त. पुत् नावाचा एक नरक आहे, त्यातून तारतो तो पुत्र, असं आपल्याकडं शेकडो वर्षं सांगत आले. मग त्या एका समजुतीपायी घरात किती लेकरं व्हायची ते ठरतं. चौथी मुलगी झाली की पाचव्या खेपेची तयारी होते. सुनेला सोडून दुसरी करायची का, हे ठरतं. शेतीच्या सात-बारावर नाव कुणाचं, तेही तिथंच ठरतं. सोनोग्राफीच्या नावाखाली आपल्या मराठवाड्यात काय काय झालं, ते आपण सगळ्यांनी बघितलं आहे. पिंड द्यायला कुणी हवं म्हणून जिवंत लेकींचा जीव गेला.

सावित्रीबाईला मूल झालं नाही. मुलगा नाही असं नव्हे, मूलच नाही. तेव्हाच्या रीतीप्रमाणं जोतीरावांनी दुसरं लग्न करावं म्हणून सासऱ्यांनी गळ घातली, असं सांगतात. जोतीरावांनी नकार दिला. मूल होत नाही म्हणून बाईवर सवत आणायची, तर दोष पुरुषात असेल तेव्हा तिनं दुसरा नवरा केला तर चालेल का, असा त्यांचा सवाल होता. आजही आपल्या गावात एखाद्या नवऱ्याला हे सुचत नाही.

स्वतःला मूल नसलेल्या या बाईनं दुसऱ्यांची किती बाळंतपणं केली! 1863 मध्ये दोघांनी आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तरुण विधवा, कुणाच्या तरी पापाला बळी पडलेल्या, जीव द्यायला नाही तर बाळ मारायला निघालेल्या. त्यांनी इथं येऊन गुपचूप बाळंत व्हावं, हवं तर मूल ठेवून जावं. 1884 पर्यंत 35 विधवा तिथं येऊन गेल्या. कढी-भाकरी, शेक-शेगडी, न्हाऊ-माखू घालणं हे सगळं बघणारी सावित्रीबाईच. ज्यांच्या पोटात असं मूल, त्यांना धर्मानं नरकच दाखवला होता. तिनं त्यांना अंथरूण दिलं. त्यातल्याच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा फुले दांपत्यानं 1874 मध्ये दत्तक घेतला. त्याचं नाव यशवंत.

जोतीरावांचा राग नुसता पूजेवर नव्हता, भीतीच्या धंद्यावर होता. 1855 मध्ये त्यांनी तृतीय रत्न नावाचं नाटक लिहिलं. त्यात एक जोशी गरोदर कुणबिणीला ग्रहांची भीती घालून नवऱ्याला कर्जात उतरवतो. म्हणजे मूल जन्मायच्या आधीपासून सुरुवात, आणि माणूस मेल्यावरही दहावं, तेरावं, वर्षश्राद्ध चालूच. 1873 च्या 24 सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला, आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला पुरोहिताशिवाय पहिलं लग्न लागलं. 1887 मध्ये तर लग्न आणि इतर विधी आपले आपण कसे करायचे, याची पुस्तिकाच जोतीरावांनी काढली. पुढं पक्षाघातानं उजवी बाजू गेली तर डाव्या हातानं सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक लिहिलं. स्वर्ग, पुण्य, दान या सगळ्याचा त्यात प्रश्नोत्तरातून विचार आहे. ते छापून आलं 1891 मध्ये, ते गेल्यावर. या आजारपणात त्यांचं हागणं-मुतणं काढणारी बाई कोण, हे वेगळं सांगायला नको.

आता तो दिवस. मध्यरात्रीनंतर जोतीराव गेले. आपला देह जाळू नये, मिठात पुरावा, अशी त्यांची इच्छा होती. घराच्या मागं जागाही करून ठेवली होती. आपल्याकडच्या बायांना यात नवल वाटणार नाही, आपल्या लिंगायत शेजाऱ्यांकडं मयत पुरतातच. पण राहत्या वस्तीत पुरायला नगरपालिकेनं परवानगी दिली नाही. मग दहन करायचं ठरलं.

आणि मग उठला तो प्रश्न, जो आमच्या गल्लीत मे महिन्यात उठला. टिटवं कुणी धरायचं? टिटवं म्हणजे प्रेताच्या पुढं धरतात ते मडकं, आमच्याकडं नुसतं मडकंच म्हणतात. यशवंत तेव्हा सोळाच्या आसपासचा. मुलगा म्हणून मान त्याचा. पण भाऊबंद आडवे आले. दत्तक पोर, तेही विधवेचं, त्याचा काय हक्क? पुतण्यांनी धरायला पाहिजे. माझ्या अंदाजानं हे भांडण काही जोतीरावांच्या आत्म्यासाठी नव्हतं. जो अग्नी देतो तो वारस, असं लोक धरून चालतात. तेव्हाही, आत्ताही.

सावित्रीबाई पुढं झाली. तिनं टिटवं हातात घेतलं आणि अंत्ययात्रेच्या पुढं चालू लागली. नवऱ्याला अग्नीही तिनंच दिला.

एवढंच. दोन ओळीत मावलं. पण जरा डोळ्यापुढं आणून बघा. नवरा जाऊन काही तास झालेत. आपल्याकडं अशा वेळी बाईला धरून बसवतात, बांगड्या फोडतात, तिनं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. स्मशानात तर बाई जातच नाही. आणि तिच्याकडून एक चूक झाली तर नवऱ्याला गती मिळणार नाही, हे पाप कायमचं तिच्या माथी. सावित्रीबाईला हे ठाऊक नव्हतं का? ज्या घरात ती लहानाची मोठी झाली तिथं हेच शिकवलं असणार. मला वाटतं, शेण अंगावर घेणं यापेक्षा सोपं होतं. शेण धुता येतं.

नंतर अस्थी कुठल्या नदीला न नेता घरीच ठेवून तिथं समाधी केली. पुण्याला गंज पेठेत फुलेवाड्यात ती आजही आहे. जमलं तर जाऊन या.

ती स्वतः मात्र घरात बसून राहिली नाही. सत्यशोधक समाजाचं काम अंगावर घेतलं, 1893 मध्ये सासवडच्या परिषदेची ती अध्यक्ष होती. 1897 मध्ये पुण्यात प्लेग आला. यशवंत तेव्हा डॉक्टर होऊन लष्करात होता. तिनं त्याला बोलावून घेतलं, हडपसरजवळ सासण्यांच्या मळ्यात दवाखाना काढला. लोक घरच्या रोग्याला हात लावत नव्हते. मुंढव्याच्या महारवाड्यातलं एक पोरगं आजारी पडलं, तर ही सहासष्ट वर्षांची बाई त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आली. त्यातच तिला लागण झाली आणि 10 मार्चला ती गेली. पुढं 1905 मध्ये यशवंतही प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच गेला. परलोकात कोण तारेल याचा हिशोब ज्या माय-लेकानं कधी केला नाही, त्यांनी इथल्यांना तारायला जीव दिला.

माझ्या सासूबाई सर्वपित्रीला कावळ्याला घास ठेवतात. मी त्यांना कधी अडवत नाही. त्या घास ठेवताना आपल्या गेलेल्या दोन लेकींचीही नावं घेतात, ज्यांची नावं घरात दुसरं कुणी घेत नाही. गेलेल्याची आठवण ठेवण्यात वाईट काय? पण त्याच सासूबाईंनी माझ्या दुसऱ्या मुलीच्या वेळी दोन दिवस जेवण सोडलं होतं, हेही मी विसरले नाही. दोन्ही खरं आहे. सावित्रीबाईची ही गोष्ट मी त्यांना भाजी निवडता निवडता सांगितली. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, तिच्या हाताला चटका नाही का बसला? मला हसू आलं, मग वाटलं, हा प्रश्न मला कधीच पडला नव्हता.

काकूंच्या नावावर अडीच एकर आहे, काकांच्या मागं त्यांच्या नावावर झालेलं. चौदाव्या दिवशी पुतण्यानं विषय काढलाच, मी अग्नी दिला, दिवस केले, तर रान माझं. लेकी गांगरल्या. त्यांनाही ते खरंच वाटत होतं! म्हणून इथं लिहून ठेवते, कात्रण करून ठेवा. अग्नी दिल्यानं कुणी वारस होत नाही. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानुसार बाईच्या मागं तिची लेकरं, मग मुलगा असो की मुलगी, तिची वारस असतात. त्यांच्यापुढं पुतण्याचा नंबर लागत नाही. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा महाराष्ट्रात 1994 च्या कायद्यानं आला आणि 2005 मध्ये देशभर झाला. हक्कसोड पत्रावर सही करायच्या आधी दहा वेळा विचार करा, आणि माहेर तुटेल म्हणून तर करूच नका.

धाकट्या लेकीला घेऊन मी तलाठ्याकडं गेले, वारस नोंदीचा अर्ज दिला. मृत्यूचा दाखला, आधार कार्ड, दोघींचं प्रतिज्ञापत्र. थोरलीनं आधी नको म्हणलं, पुतण्या चिडेल म्हणून, मग तिनंही अंगठा दिला. बाहेर पडताना धाकटी म्हणली, ताई, त्या दिवशी मडकं धरायला पाहिजे होतं मी. मी काय सांगणार? तिला गप्प करणाऱ्यांत मीही होतेच की.

पुतण्यानं हरकत घेतली आहे. सुनावणी येत्या सोमवारी आहे, अकरा वाजता. आम्ही तिघी जाणार आहोत.