पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर व त्यांची स्वरलिपि

नाशिक येथें रामनाम आधार आश्रम स्थापन करणारे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांचें नांव थोर गायक म्हणून सर्वश्रुत आहे. परंतु गाणें कागदावर कसें उतरवावें, या एका प्रश्नासाठीं त्यांनीं किती श्रम वेचले, हें आम्हां विद्यार्थ्यांस क्वचितच सांगितलें जातें.

त्यांचा जन्म कुरुंदवाड येथें १८७२ सालीं झाला. वडील कीर्तनकार होते. बालपणीं फटाका तोंडाजवळ फुटून विष्णूची दृष्टि अधू झाली, व शाळेचा मार्ग खुंटल्यामुळें तो मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांजकडे गायन शिकूं लागला. त्या काळीं विद्या गुरूच्या मुखांतून शिष्याच्या कानीं जाई. लिहून घेण्याची चाल नव्हती. मंद दृष्टीच्या मुलास तें सोयीचेंच! पुढें त्याच पुरुषानें छापील बारीक चिन्हांचा व्याप आरंभावा, हें नवल होय.

१८९६ सालीं पंडितजींनीं मिरज सोडली व १९०१ सालीं लाहोर येथें गांधर्व महाविद्यालय काढिलें. वर्गांत अनेक विद्यार्थी एकदम बसूं लागले, तेव्हां पुस्तकांवांचून गत्यंतर उरलें नाहीं. बडोद्यास मौलाबक्ष यांनीं पूर्वीं एक स्वरलिपि योजिली होती. युरोपियनांची पांच रेघांचीहि होती. पंडितजींनीं सा, रे, ग, म हीं देवनागरी अक्षरेंच ठेविलीं आणि प्रत्येक स्वराखालीं त्याच्या कालाचें चिन्ह दिलें: एका मात्रेस आडवी रेघ, अर्ध्या मात्रेस शून्य, पाव मात्रेस अर्धचंद्र.

पुढें पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची निराळी स्वरलिपि प्रचारांत आली, व शिकणाऱ्यापुढें निवडीचा पेंच पडला. अक्षरावर बिंदु असेल तर पलुस्करांचा स्वर मंद्र, भातखंड्यांचा तार! डोक्यावरील उभी रेघ एकाकडे तार सप्तक दाखविते, दुसऱ्याकडे तीव्र मध्यम. खालची आडवी रेघ येथें मात्रा, तर तेथें कोमल स्वर. दोन्ही पुस्तकें शेजारीं उघडून बसणाऱ्याची काय त्रेधा उडत असेल! भातखंड्यांची पद्धति लिहिण्यास सुटसुटीत, म्हणून तीच अधिक पसरली. पलुस्करांची अधिक कांटेकोर, पण हातानें लिहितांना जड. त्यांचे शिष्य विनायकराव पटवर्धन यांनीं ती पुढें सोपी केली. आमच्या मतें, बंदिश जशीच्या तशी जतन करणाऱ्यास मूळच्या कांटेकोरपणाचा मोह पडावा. आज संगणकावर बंदिश लिहूं पाहणाऱ्यासहि चिन्हें कोणाचीं घ्यावीं, हें प्रथम ठरवावें लागतें.

१९०८ सालीं पंडितजी मुंबईस आले. तेथें विद्यालयाची मोठी वास्तु उभी राहिली, पण कर्जापायीं तिचा लिलांव झाला. उत्तरायुष्य त्यांनीं बव्हंशीं नाशिक येथें रामनामांत घालविलें. २१ ऑगस्ट १९३१ रोजीं मिरजेस ते निवर्तले. पुत्र दत्तात्रेय त्या वेळीं अवघा दहा वर्षांचा होता. त्यास पुढील गायन विनायकराव पटवर्धन व नारायणराव व्यास या पित्याच्या शिष्यांनींच शिकविलें.