सर जोसेफ भोर : नाशिकचा प्रशासक आणि देशाच्या आरोग्याचा आराखडा

गारखेडा परिसरातल्या एखाद्या कुटुंबावर घरातील मनोरुग्णाला सरकारी मनोरुग्णालयात दाखल करण्याची वेळ आली, की अनेक दशके त्याला पुण्याची वाट धरावी लागे. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी या चार ठिकाणी राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये उभी राहिली. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातले एकही आले नाही. ही विषमता कशी दूर करावी, याचा पहिला अखिल भारतीय विचार ज्या समितीने केला, तिचा अध्यक्ष एक मराठी माणूस होता. वैद्यकशास्त्राचे पुस्तकही न शिकलेला!

जोसेफ विल्यम भोर यांचा जन्म ६ एप्रिल १८७८ रोजी नाशिकचा. पुण्याच्या बिशप्स हायस्कूलमध्ये आणि डेक्कन कॉलेजात शिक्षण झाल्यावर ते लंडनला गेले आणि १९०२ मध्ये आयसीएस होऊन मद्रास इलाख्यात रुजू झाले. १९११ मध्ये त्यांचा विवाह मार्गारेट विल्की स्टॉट यांच्याशी झाला. त्या स्वतः डॉक्टर होत्या. १९१४ ते १९१९ या काळात भोर कोचीन संस्थानचे दिवाण होते. पुढे सायमन कमिशनचे सचिवपद, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्यत्व, रेल्वे व व्यापार ही खाती, जपानबरोबरचा १९३४ चा व्यापारी करार, असा त्यांचा चढता आलेख राहिला. त्या काळच्या एका यशस्वी सनदी अधिकाऱ्याची ही कारकीर्द. एवढ्यावरच ती संपली असती, तर आज त्यांचे नाव फारसे कोणी घेतले नसते.

निवृत्तीनंतर आठ वर्षांनी, ऑक्टोबर १९४३ मध्ये, सरकारने आरोग्य पाहणी व विकास समिती नेमली आणि तिची सूत्रे भोर यांच्या हाती दिली. डॉ. बिधनचंद्र रॉय, डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार, कामगारनेते ना. म. जोशी अशी मातब्बर मंडळी समितीत होती. महायुद्ध सुरू होते, बंगालमध्ये दुष्काळाने माणसे मरत होती, आणि ही समिती मात्र पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचाराला मुकू नये, या तत्त्वावर योजना आखत होती. १९४६ चा तिचा चार खंडांचा अहवाल म्हणजे आजच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांचे मूळ होय.

या अहवालातील मानसिक आरोग्याचा भाग तुलनेने कमी वाचला जातो. रांचीच्या युरोपियन मनोरुग्णालयाचे अधीक्षक कर्नल मूर टेलर यांनी समितीसाठी देशातील १९ मनोरुग्णालयांची पाहणी केली. बहुतेक इमारती रुग्ण बरा व्हावा म्हणून नव्हे, तर तो पळून जाऊ नये म्हणून बांधल्या आहेत, असे त्यांना आढळले. सर्वांत वाईट म्हणून त्यांनी जी चार नावे घेतली, त्यांत ठाणे आणि नागपूर होती. तुरुंगाची कळा असलेल्या या संस्था नव्याने बांधाव्यात, हे त्यांचे म्हणणे.

आकडे तर अधिकच बोलके होते. हजारी दोन मनोरुग्ण धरले, तरी चाळीस कोटींच्या देशात आठ लाख खाटा लागतील. होत्या दहा हजारांहून किंचित अधिक. इंग्लंडमध्ये सुमारे ३०० लोकांमागे एक खाट, येथे ४० हजारांमागे एक. पण खाटांपेक्षा मोठी अडचण माणसांची होती. उपचार करणारे तज्ज्ञच नव्हते आणि ते तयार करण्याची सोयही नव्हती. म्हणूनच भोर समितीने प्रशिक्षणावर भर दिला. मुंबई आणि कलकत्ता येथे विद्यापीठांच्या सहकार्याने मानसोपचाराची पदविका सुरू करावी, डॉक्टरांना देशात व परदेशात शिकवावे, परिचारिका व इतर सहायक येथेच घडवावेत आणि नियोजित अखिल भारतीय वैद्यकीय संस्थेत मानसिक आरोग्याचा स्वतंत्र विभाग असावा, अशा या शिफारशी होत्या.

त्यातल्या काही फळाला आल्या. १९५४ मध्ये बंगलोरला अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली. पुढे १९७४ मध्ये तिचेच 'निमहान्स' झाले. १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रेही उघडली, परंतु समितीने सुचविलेल्या ४० हजारांहून बऱ्याच मोठ्या लोकसंख्येसाठी एक, अशी. मनोरुग्णांसाठीचा १९१२ चा वेडेपणाविषयीचा कायदा तर १९८७ चा नवा कायदा येईपर्यंत हलला नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये आला, जिल्हा पातळीवर तो पोहोचायला १९९६ उजाडले.

गारखेड्याच्या बाबतीत आणखी एक विचित्र योग. समितीचे काम चालू असताना औरंगाबाद निजामाच्या राज्यात होते, आणि त्या राज्याचे मनोरुग्णालय शेजारी जालन्यातच होते. स्वातंत्र्यानंतर ते हैदराबादला गेले. १९५६ मध्ये शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. 'घाटी' म्हणून लोक ओळखतात, ते हेच.

अहवाल सादर झाल्यावर भोर सार्वजनिक जीवनातून बाजूला झाले. पत्नीचे निधन १९४५ मध्येच झाले होते. इंग्लिश खाडीतील गर्न्झी बेटावर १५ ऑगस्ट १९६० रोजी, भारताच्या स्वातंत्र्यदिनीच, त्यांनी अखेरचा श्वास घेतला. बंगलोरच्या संस्थेतून मनोविकारतज्ज्ञांच्या पहिल्या तुकड्या तोवर बाहेर पडू लागल्या होत्या.