धर्मानंद कोसंबी : मन म्हणजे काय, हे शोधायला निघालेला गोंयकार

गोव्यातल्या सांकवाळचे धर्मानंद कोसंबी (जन्म १८७६) शाळा फारशी शिकले नाहीत. घरच्या नारळीच्या बागा बघायचे. ‘बालबोधमेवा’ मासिकात बुद्धाविषयी वाचलं आणि दुःख कुठून येतं, मन म्हणजे काय, हे प्रश्न पाठ सोडेनात. १८९९ मध्ये पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी घरी ठेवून ते निघाले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ करत श्रीलंकेत पोचले. तिथं १९०२ मध्ये बौद्ध दीक्षा घेतली, पाली शिकले. पुढे कलकत्त्याची नोकरी सोडून बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या महिना ५० रुपयांवर मराठी मुलखात आले. ध्यान आणि चित्त उलगडणाऱ्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्डलाही गेले. जून १९४७ मध्ये सेवाग्रामला अन्न सोडून त्यांनी देह ठेवला. त्यांच्या पुस्तकांतून बुद्ध मराठी घराघरांत आला. त्याची किंमत मात्र बाळाबाईंनीही मोजली होती.