३२ आले कुठून?

घरात कुणाला ताप आला की आई सांगते, एकशे दोन आहे. आणि टीव्हीवर उन्हाळ्यात नागपूर ४५! शाळेत असताना मला वाटायचं, ताप आलेला माणूस नागपूरच्या दुपटीने गरम असतो की काय! मग नऊने गुणा, पाचने भागा, ३२ मिळवा हे सूत्र आलं. पाठ केलं, मार्क मिळवले, विषय संपला. हे ३२ कुठून आले, असं विचारायचं मात्र राहूनच गेलं.

फर्स्ट इयरला लॅबमध्ये एकाच बीकरमध्ये माझ्या आणि पार्टनरच्या थर्मामीटरने दीड डिग्रीचा फरक दाखवला. आम्ही काय केलं? सगळे करतात तेच. मधला आकडा टाकून जर्नल सबमिट! नंतर डॅनियल गॅब्रिएल फॅरनहाइटबद्दल वाचलं आणि लाज वाटली. कारण या माणसाने अख्खं आयुष्य त्याच दीड डिग्रीमागे घालवलं.

त्याचा जन्म १६८६ सालचा, डॅन्झिग (आजचं पोलंडमधलं ग्डान्स्क) शहरातला. वडील व्यापारी. १७०१ मध्ये विषारी अळंबी खाऊन आई-वडील दोघेही एकाच दिवशी गेले. हा तेव्हा १५ वर्षांचा, भावंडांत सगळ्यात मोठा. त्याला व्यापार शिकायला अ‍ॅमस्टरडॅमला पाठवलं, पण हिशेबाच्या वह्यांपेक्षा काचेच्या नळ्यांत जीव रमला. उधारी वाढली. शेवटी वैतागून त्याच्या पालकांनी त्याला पकडून डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावर पूर्वेकडे धाडायची व्यवस्था केली. हा गावोगाव भटकत राहिला.

१७०८ मध्ये कोपनहेगनला तो ओले रोमरला भेटला. प्रकाशाला वेग असतो हे दाखवणारा हाच तो रोमर. त्याच्या स्केलवर बर्फाचं पाणी साडेसातवर आणि शरीराचं तापमान साडेबावीसवर यायचं. फॅरनहाइटला अपूर्णांक नकोसे झाले. त्याने चारने गुणलं, ३० आणि ९० आले. पुढे ते त्याने ३२ आणि ९६ केले. मधलं अंतर ६४, म्हणजे सहा वेळा निम्मं निम्मं करत गेलं की प्रत्येक डिग्रीची खूण तयार! बर्फ, पाणी आणि नवसागर यांचं थंडगार मिश्रण म्हणजे शून्य. तर आपले ३२ आले ते असे!

पण त्याचं खरं काम आकड्यांपेक्षा मोठं आहे. त्या काळी प्रत्येक कारागिराचा थर्मामीटर वेगळंच काहीतरी सांगायचा. १७१४ मध्ये फॅरनहाइटने बनवलेले दोन थर्मामीटर एकमेकांशी जुळले, आणि हीच त्या वेळी मोठी बातमी ठरली! त्याच सुमारास तो अल्कोहोलऐवजी शुद्ध केलेला पारा वापरू लागला. अल्कोहोल ७८ सेल्सिअसलाच उकळतं; पारा उकळत्या पाण्यातही टिकतो. त्यामुळे पाण्याचा उत्कलनबिंदू हवेच्या दाबाप्रमाणे बदलतो हे त्याला दिसलं. पाणी गोठणबिंदूच्या खाली जाऊनही द्रव राहू शकतं, हेही त्याने नोंदवलं. १७२४ मध्ये तो लंडनच्या रॉयल सोसायटीचा फेलो झाला. डिग्री नव्हती बरं का!

१७३६ मध्ये हेगला तो वारला, वयाच्या पन्नासाव्या वर्षी. अंत्यविधी गरिबाला शोभेल असाच झाला. सेल्सिअसचं स्केल आलं १७४२ मध्ये, तेही उलटं! उकळतं पाणी शून्यावर आणि बर्फ शंभरावर. ते नंतर सुलट झालं. फॅरनहाइटच्या मागे त्याच्या स्केलवर उकळतं पाणी २१२ ला पक्कं केलं गेलं. २१२ वजा ३२ म्हणजे १८०. सेल्सिअसच्या १०० डिग्रींना याच्या १८०, म्हणून नऊ छेद पाच. त्याचे ९६ आता ९८.६ झाले. आणि उणे ४० ला दोन्ही स्केल एकच आकडा दाखवतात, हे स्वतः करून बघा!

आता आमची रीडिंग्ज जुळली नाहीत तर मी दोन्ही लिहिते आणि आधी थर्मामीटर बर्फात बुडवून शून्य तपासते. वेळ जातो, पार्टनर चिडते. पण ज्या माणसाने जुळणारे दोन आकडे मिळवायला घर-दार सोडलं, त्याच्या नावाच्या स्केलवर खोटा आकडा लिहायला आता हात धजत नाही.