आपल्या सोलापूरचे वालचंदशेठ



सोलापुरात वाढलेल्या आपण सगळ्यांनी ‘वालचंद’ हे नाव आधी कॉलेजचं नाव म्हणून ऐकलं, रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता म्हणून. पुढे कुणी तिथे शिकलं, कुणी सांगलीच्या वालचंदमध्ये गेलं. या माणसानं भारतात जहाज, विमान आणि मोटार असे तीन उद्योग सुरू केले, हेही आपल्याला माहीत आहे. पण यातला प्रत्येक उद्योग कधी उभा राहिला, कुठे अडला आणि शेवटी कुणाच्या हाती गेला, हे बरंचसं सरकारच्या कायद्यांनी आणि धोरणांनी ठरवलं. आपल्यातले बरेच जण आज स्वतःचा व्यवसाय चालवतात, म्हणून स्मरणिकेसाठी हाच विषय घेतला.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घराणं मूळचं गुजरातेतलं, दिगंबर जैन. घरचा धंदा सावकारीचा आणि कापसाचा. सोलापुरात मॅट्रिक झाल्यावर ते मुंबई-पुण्यात कॉलेजला गेले. पण घरच्या पेढीत त्यांचं मन रमेना. रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर त्यांनी रेल्वेची कंत्राटं घ्यायला सुरुवात केली. आपल्या ओळखीच्या बार्शी लाइट रेल्वेचं काम हे त्यातलं सुरुवातीचं. पुढे टाटा कन्स्ट्रक्शनमार्फत भोर घाटातले बोगदे आणि मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसाच्या जलवाहिन्या अशी मोठी कामं झाली. कंत्राटदाराचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे रेल्वे, लष्कर, नगरपालिका. त्यामुळे सरकारी कागद बारकाईनं वाचायची सवय त्यांना तरुणपणीच लागली असणार.

१९१९ साली ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचं एक जहाज विकायला निघालं. त्याचं नाव ‘लॉयल्टी’. वालचंदशेठनी नरोत्तम मोरारजी आणि इतर भागीदारांबरोबर ते घेतलं आणि ‘सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन’ ही कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून इंग्लंडकडे निघालं.

समोर लॉर्ड इंचकेप यांची ‘ब्रिटिश इंडिया’ कंपनी होती. तिनं भाडी उतरवली. शिवाय ब्रिटिश कंपन्यांची एक पद्धत होती : व्यापाऱ्यानं ठरावीक काळ फक्त त्यांच्याच जहाजांनी माल पाठवला, तर भाड्यातला काही भाग नंतर परत मिळायचा. मध्येच एखादी खेप सिंदियाला दिली, की आधीची सगळी सूट बुडाली. ही पद्धत अडवणारा कायदा हिंदुस्थानात नव्हता. अखेर १९२३ मध्ये सिंदियाला दहा वर्षांचा करार करावा लागला. जहाजं किती ठेवायची आणि कुठल्या मार्गावर न्यायची, यावर त्यात बंधनं होती. वालचंदशेठना तो करार फार सलत होता, पण त्यामुळे कंपनी बुडाली नाही.

त्यानंतर त्यांनी मोर्चा कायद्याकडेच वळवला. बहुतेक सागरी देश आपल्या किनाऱ्यावरची वाहतूक स्वतःच्या जहाजांसाठी राखून ठेवू शकत होते, मग आपण का नाही, हा त्यांचा सवाल होता. सरकारनंच नेमलेल्या समितीनं १९२४ मध्ये तशी शिफारस केली. सरकारनं त्यातली सोपी गोष्ट उचलली : अधिकारी तयार करण्यासाठी ‘डफरिन’ हे प्रशिक्षण जहाज मुंबईत आलं. किनारपट्टीच्या राखीवतेला मात्र हात लावला नाही. म्हणजे मुलांनी शिकून नोकरी कुठल्या जहाजावर करायची, हा प्रश्न तसाच राहिला. १९२८ मध्ये साराभाई हाजी यांनी कायदेमंडळात याचं विधेयक आणलं. ते मंजूर झालं नाही. १९३५ च्या कायद्यानं तर ब्रिटिश जहाजांबाबत भेदभाव करायलाच बंदी घातली. नरोत्तम मोरारजी १९२९ मध्ये अपघातात गेल्यावर ही सारी लढाई अध्यक्ष म्हणून वालचंदशेठनी चालवली.

त्याच काळातलं उलट उदाहरण आपल्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात आहे. १९३२ मध्ये सरकारनं साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा केला आणि आयात साखरेवर जबर जकात बसवली. त्याआधी देशात तिसेक कारखाने होते, ते काही वर्षांतच शंभरावर गेले. वालचंदशेठनी कळंबच्या माळावर शेतीबरोबर साखर कारखाना उभारला आणि वालचंदनगर वसलं. जिद्द दोन्हीकडे तीच होती. समुद्रावर कायदा आडवा आला आणि माळावर तो पाठीशी उभा राहिला, फरक पडला तो एवढाच. अर्थात त्या जकातीचे पैसे साखर खाणाऱ्यांनी भरले, हेही खरं.

दुसऱ्या महायुद्धात सरकारची गरज हेच धोरण झालं. अमेरिकेच्या प्रवासात वालचंदशेठची विल्यम पॉली या विमान व्यावसायिकाशी गाठ पडली. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या भागीदारीत बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी सुरू झाली. युद्धासाठी विमानं हवी होती म्हणून परवानगी मिळाली, आणि जपान जवळ आल्यावर १९४२ मध्ये त्याच कारणानं सरकारनं कारखाना ताब्यात घेतला. शेठना पैसे मिळाले, कारखाना गेला. आपल्यातले जे आयटीवाले बंगळुरूच्या ओल्ड एअरपोर्ट रोडवर एचएएलपाशी रोज गर्दीत अडकतात, ते याच कारखान्याच्या दारात उभे असतात.

मोटारीचं घोडं अडलं ते उलट कारणानं. सर विश्वेश्वरय्या आणि वालचंदशेठ यांनी योजना मांडली, मुंबईच्या काँग्रेस मंत्रिमंडळानं पाठिंबा दिला. पण युद्धकाळात मोटार कारखाना तातडीचा नाही, असं दिल्लीचं मत पडलं. प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना १९४४ मध्ये झाली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या यायला १९४७ उजाडलं.

विशाखापट्टणमच्या जहाज कारखान्याची कोनशिला २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली. पुढच्याच वर्षी त्या शहरावर जपानी बाँब पडले. पहिलं मोठं जहाज ‘जलउषा’ पंडित नेहरूंच्या हस्ते १४ मार्च १९४८ रोजी पाण्यात उतरलं. स्वातंत्र्यानंतर किनारपट्टीची वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखीव झाली. तीस वर्षांची मागणी पुरी झाली. पण इथे जहाज बांधायला विलायतेपेक्षा जास्त खर्च येई आणि तो फरक एका कंपनीला पेलणारा नव्हता. १९५२ मध्ये सरकारनं बहुतांश मालकी घेतली. या वेळी सरकार आपलंच होतं.

तोवर वालचंदशेठ आजारपणामुळे कामातून निवृत्त झाले होते. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूरला त्यांचं निधन झालं. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला त्यांचं नाव १९५५ मध्ये मिळालं. नंतरच्या धोरणामुळे जनरल मोटर्स आणि फोर्ड इथून गेल्या आणि प्रीमियरला मोकळं रान मिळालं. फियाटसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबलेली मंडळी आपल्या घरांत आहेतच. १९९१ नंतर कुंपण निघालं आणि काही वर्षांत ती गाडीही बंद झाली. त्यांना हवं असलेलं संरक्षण उद्योग जन्माला घालण्यासाठी होतं. ते कधी काढायचं, हे ठरवायला ते नव्हते.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरींचे कारखाने चालवणाऱ्या आपल्या मित्रांना हे सगळं ओळखीचं वाटेल. सुताचा भाव, निर्यातीचे नियम, जीएसटी यांतलं काहीच त्यांच्या हातात नाही. वालचंदशेठ नियम वाचत, त्याच्या चौकटीत जगत आणि तो बदलावा म्हणून संघटना, समित्या, कायदेमंडळ सगळीकडे खेटे घालत. यात त्यांचा स्वतःचा फायदा होता आणि देशाचाही. आपल्याला एकेकट्यानं ते जमणार नाही, पण एवढी मोठी बॅच आहे, एकत्र बसून निवेदन तरी नक्की लिहिता येईल.

५ एप्रिल हा दिवस लॉयल्टीच्या त्या प्रवासामुळे राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. समुद्रापासून इतक्या दूरच्या आपल्या गावाचा त्यात वाटा आहे, हे यंदा आपल्या मुलांना जरूर सांगा.