टर्बो केवढा बसवायचा? उत्तर शोधायला आल्फ्रेड ब्यूखींना वीस वर्षं लागली

छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की तुम्ही पाहिलीच असेल. डोंगरातून नळांनी आणलेलं पाणी पात्यांवर पडतं, पाती फिरतात आणि त्यांच्यासोबत वरचं जातं. टर्बो नेमकं हेच करतो, फक्त पाण्याऐवजी सायलेन्सरकडे निघालेल्या गरम धुराने. धूर एक चाक फिरवतो. त्याच दांड्यावरचं दुसरं चाक इंजिनात जादा हवा कोंबतं. हवा जास्त म्हणजे इंधन जास्त जळतं, आणि ताकदही वाढते.

आता विचार करा, पाण्याची धार बारीक आणि जातं मात्र अवाढव्य असेल तर? पीठ पडणारच नाही! टर्बोचा साइज चुकला की हेच होतं.

कोण होते ब्यूखी?

आल्फ्रेड ब्यूखी यांचा जन्म 11 जुलै 1879 रोजी स्वित्झर्लंडच्या विंटरथुर गावात झाला. वडील तिथल्याच सुल्झर या इंजिन कंपनीत मोठ्या पदावर होते. झुरिकच्या पॉलिटेक्निकमधून 1903 मध्ये ते इंजिनिअर झाले. इंजिनात जाळलेल्या इंधनाची बरीचशी ऊर्जा धुराबरोबर वाया जाते, ही गोष्ट त्यांना सतत खटकायची. 1905 मध्ये, म्हणजे वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांनी टर्बोचं पेटंट घेतलं.

पण कागदावरची आयडिया आणि चालणारं मशीन यात मोठा फरक असतो. 1911 पासून सुल्झरमध्ये प्रयोग सुरू झाले. त्या काळचे कॉम्प्रेसर कमकुवत होते, धातू उष्णतेत टिकत नव्हते. वर्षं जात राहिली, विकता येईल असं काही हाती लागेना.

यश कशाने आलं?

1925 च्या सुमारास ब्यूखींनी वेगळा मार्ग धरला. प्रत्येक सिलिंडरमधून धूर ठोके दिल्यासारखा बाहेर पडतो. हे ठोके एकमेकांना अडवू नयेत म्हणून त्यांनी सिलिंडरचे गट पाडले आणि प्रत्येक गटाला वेगळा पाइप दिला. थोडक्यात, टर्बो आणि इंजिन यांची जोडी जुळवली. 1926 च्या सुमारास दोन जर्मन प्रवासी जहाजांवर हे तंत्र आलं आणि 1750 हॉर्सपॉवरची डिझेल इंजिनं 2500 वर गेली. इंजिन तेवढंच, ताकद मात्र 40 टक्क्यांहून जास्त!

तुमच्या बिल्डसाठी याचा अर्थ काय?

समजा, 1.2 लिटरचं पेट्रोल इंजिन आहे. 6000 आरपीएमला ते मिनिटाला 3000 वेळा हवा ओढतं, म्हणजे 3600 लिटर. प्रत्यक्षात त्यातली साधारण 85 टक्केच आत जाते, वजनात सुमारे साडेतीन किलो. अर्धा बार बूस्ट दिला, तर उष्णतेचा तोटा धरून हा आकडा 5 किलोच्या आसपास जातो. टर्बोच्या कॉम्प्रेसर मॅपवर हा आकडा मधल्या पट्ट्यात बसतो का, एवढंच आधी बघायचं.

जुन्या बाजारात ट्रकचा टर्बो स्वस्तात मिळतो, म्हणून मोह होतो. पण छोट्या इंजिनाचा धूर त्याला वेळेवर फिरवूच शकत नाही. पाय दाबला तरी गाडी ढिम्म, यालाच लॅग म्हणतात. उलट फारच छोटा टर्बो लवकर बूस्ट देतो, पण वरच्या आरपीएमला घुसमटतो आणि हवा नुसती तापवतो. तापलेल्या हवेने इंजिनात नॉकिंग होतं आणि पिस्टन जातो. मग वाचवलेले पैसे दुपटीने जातात. रोजच्या रस्त्यासाठी लवकर फिरणारा, थोडा छोटा टर्बो बरा. इंटरकूलर आणि ट्यूनिंगचे पैसे आधीच बाजूला काढा. आणि हो, इंजिनातल्या बदलाला आरटीओची परवानगी लागते.

शेवट

27 ऑक्टोबर 1959 रोजी विंटरथुरमध्येच ब्यूखी गेले. टर्बो असलेल्या पहिल्या प्रवासी कार बाजारात आल्या त्या 1962 मध्ये, अमेरिकेत. त्या त्यांना पाहायला मिळाल्या नाहीत. 2001 मध्ये आपल्या शेंद्र्यात स्कोडाचा कारखाना सुरू झाला आणि तिथून डिझेल ऑक्टाव्हिया बाहेर पडू लागली, तिच्या बॉनेटखालीही टर्बोच होता.

ज्याने टर्बो शोधला, त्यालाही जोडी जुळवायला वीस वर्षं लागली. तुम्ही खरेदीआधी अर्धा तास कॅलक्युलेटर घेऊन बसायला काय हरकत आहे?