बाबासाहेबांचे दुसरे उस्ताद

मिरजेहून पुण्याकडे जाताना कराडच्या पुढे मसूर स्टेशन लागतं. 1901 साली साताऱ्याहून निघालेला नऊ-दहा वर्षांचा भीमराव घरातल्या मुलांसोबत इथे उतरला होता. वडील गोरेगावला नोकरीवर होते. जात कळली आणि एकही गाडीवाला न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं, आणि गाडी पोरांनीच हाकायची. रात्री नाक्यावर पाणी हवं होतं. गाडीवाल्याच्या सल्ल्यावरून भीमरावाने उर्दूत सांगितलं की आम्ही मुसलमान आहोत. उर्दू त्याला छान येत होती. तरी पाणी मिळालं नाहीच. वर्गात हा प्रसंग सांगते तेव्हा आमची उर्दू बोलणारी मुलं एकदम गप्प होतात.

साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, त्याचं नाव 7 नोव्हेंबर 1900 रोजी दाखल झालं होतं. आई साताऱ्यातच वारली. पुढे मुंबई, बी.ए., आणि सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर 1913 ला न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ. तिथे प्रा. सेलिगमन हे त्यांचे उस्ताद.

सांगली-साताऱ्याकडची आपली मुलं-मुली हल्ली शिवाजी विद्यापीठात पीएच.डी. करतात. मध्येच गाईड निवृत्त झाले, नवे आले, की घरात चिंता सुरू : आता सगळं पुन्हा पहिल्यापासून का? बाबासाहेबांनी तर गाईडसोबत देशही बदलला. 1916 ला ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आले. इथले प्रा. एडविन कॅनन म्हणजे अॅडम स्मिथच्या ग्रंथाची आवृत्ती संपादित करणारे जाणकार. पण वर्षभरातच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 ला काम अर्धवट टाकून परतावं लागलं. जहाजाने पाठवलेली पुस्तकंही पाणतीराच्या हल्ल्यात समुद्रात गेली.

मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, थोडी बचत, शाहू महाराजांची मदत, पारशी मित्र नवल भथेना यांचं कर्ज. 1920 ला पुन्हा लंडन. 1921 ला एम.एस्सी. झाली आणि 1922 ला डी.एस्सी.चा प्रबंध दिला. विषय होता रुपया. सरकारला हवे तितके रुपये काढता आले तर रुपयाची किंमत घसरते, महागाई वाढते आणि मार गरिबाला बसतो, हे त्यांचं म्हणणं. त्यासाठी केन्ससारख्या अर्थतज्ज्ञालाही त्यांनी आव्हान दिलं.

परीक्षकांनी प्रबंध पुन्हा लिहायला सांगितला. पैसे संपले होते, 1923 च्या एप्रिलमध्ये ते मुंबईला परतले. चरित्रकार सांगतात की भाषा थोडी मवाळ केली, निष्कर्ष मात्र तेच ठेवले. त्याच वर्षी पदवी मिळाली.

मला कॅननसाहेबांचं वागणं फार आवडतं. पुस्तकाला त्यांनीच प्रस्तावना लिहिली, आणि त्यात साफ सांगितलं की लेखकाचे बहुतेक युक्तिवाद मला पटत नाहीत. तरी विचारांत ताजेपणा आहे आणि शेवटचा व्यावहारिक निष्कर्ष बहुधा बरोबर आहे. शागिर्दाने मान तुकवली नाही, उस्तादाने राग धरला नाही.

सेलिगमन यांच्याशीही संबंध सुटला नव्हता. कोलंबियाचा प्रबंध 1925 ला पुस्तकरूपाने आला तेव्हा प्रस्तावना त्यांची होती. पीएच.डी.ची पदवी हाती आली 1927 ला, न्यूयॉर्क सोडल्यावर तब्बल अकरा वर्षांनी.